चेक आणि पोलिशमध्ये 'सावत्र आई' कसं म्हणायचं, आणि कुठे म्हणायचं नाही

चेकमध्ये मात्सेखा, पोलिशमध्ये मात्सोखा. घाईत असाल तर एवढं घेऊन जा. मीसुद्धा एवढंच घेऊन ब्रनो या चेक शहरात आले होते आणि दुसऱ्याच महिन्यात तोंडघशी पडले, म्हणून पुढचं लिहिते आहे.

माझा नवरा त्येशीनचा. ओल्झा नदीच्या एका काठाला चेक त्येशीन आणि पलीकडे पोलिश चेशिन. 1920 पर्यंत हे एकच गाव होतं. त्या वर्षी सीमा नदीवरून आखली गेली आणि गावाचे दोन तुकडे झाले. आता पुलावरून चालत पलीकडे जाऊन भाजी आणता येते. डिसेंबर 2007 पासून कुणी पासपोर्टही विचारत नाही. नवऱ्याचं घर चेक काठावरचं, पण घरात पोलिश वळणाची बोली. त्याची पहिली बायको गेली तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती, मी आले तेव्हा नऊची. त्यामुळे मी ब्रनोच्या शाळेत मात्सेखा आणि सासरी मात्सोखा अशी एकदमच झाले.

पहिल्या पालकसभेत मी वर्गशिक्षिकेला छातीठोकपणे सांगितलं, "या सेम येयी मात्सेखा." मी हिची सावत्र आई. व्याकरणात खोट नव्हती, घरी दहादा घोकलं होतं. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पोरीला विषारी सफरचंद द्यायला आले आहे. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे तिच्या वडिलांची बायको." दुरुस्ती शब्दाची नव्हतीच. ते का, ते पुढे येईल. आधी उच्चार, कारण तिथे मराठी माणसाला चांगलाच फायदा आहे.

तोंडात बसवायचं कसं

रोमन लिपीत चेक शब्द एम-ए-सी-ई-सी-एच-ए असा लिहितात. पोलिशमध्ये ई काढून ओ घाला, बाकी सगळं तेच. इंग्रजी सवयीनं वाचलंत तर 'मॅसेचा' आणि 'मॅकोचा' होईल, आणि समोरचा माणूस नम्रपणे गप्प बसेल. दोन्ही भाषांत एकटा सी कधीच क नसतो. तो असतो आपला दातांवरचा च: चोर, चूल, चाक यांतला. चिमणी किंवा चार यांतला नव्हे. मराठीत हे दोन च लिहायला एकच अक्षर आहे, पण बोलताना आपण कधी चुकत नाही. इतर अनेकांना हा आवाज शिकावा लागतो, आपण तो घेऊनच येतो.

पोलिश शब्द तर आयताच आहे. 'मा', मग 'चोर'मधला 'चो', मग 'खा'. चेक शब्दात मात्र पाय घसरतो. च च्या पुढे ए आला की आपली जीभ आपोआप 'चेंडू'च्या च कडे जाते. मी पहिले सहा महिने 'माचेखा' म्हणत होते. यावर मला सापडलेला उपाय असा: 'आईचं घर' म्हणा. त्यातला 'चं' दातांवरच पडतो. तोच च धरून ठेवा आणि पुढे फक्त ए लावा. कागदावर मी तो 'त्से' असा लिहिते, म्हणजे डोळ्यांनी फसगत होत नाही.

शेवटचा सी-एच म्हणजे ख, पण आपला ठसठशीत ख नव्हे. आपल्या ख मध्ये श्वास आधी अडतो आणि मग सुटतो. इथे तो अडवायचाच नाही, घशातून नुसता घासत जाऊ द्यायचा. काच पुसताना तिच्यावर वाफ सोडतो ना, ती जरा खरखरीत करा. चेकमध्ये साधा एच वेगळा आहे, तो थेट आपला ह. पोलिशमध्ये बहुतेक लोक एच आणि सी-एच सारखेच उच्चारतात, त्यामुळे तिथे ही चिंता नाही.

जोर कुठे द्यायचा? चेकमध्ये नेहमी पहिल्या अक्षरावर: मा-त्सेखा. पोलिशमध्ये शेवटून दुसऱ्यावर: मा-त्सो-खा. या एका फरकावरून सासूबाई फोनवर चार शब्दांत ओळखतात की माझी लेक आज चेक मूडमध्ये आहे की पोलिश.

शब्दकोश उघडणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. चेक वर्णमालेत सी-एच हे स्वतंत्र अक्षर आहे आणि ते एच च्या नंतर येतं. सी मध्ये शोधत बसलात तर सापडणार नाही. पोलिशमध्ये ती नुसती दोन अक्षरांची जोडी. सासऱ्यांना शब्दकोड्यांचं वेड आहे आणि ते दोन्ही भाषांतली सोडवतात. चेक कोड्यात मात्सेखा सहा चौकटींत मावते, कारण सी-एच ला एकच चौकट. पोलिश कोड्यात मात्सोखाला सात लागतात.

रूपं चालवताना

इथेही मराठी कामाला येते. विभक्ती म्हटलं की इंग्रजीवाले घाबरतात. आपल्याला मात्र शब्दाचं शेपूट बदलण्याची सवय आहे. 'सावत्र आईला' म्हणायचं तर चेकमध्ये मात्सेशे, पोलिशमध्ये मात्सोशे. ख चा श का झाला, असं मी नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, असंच असतं. मग माझ्याच लक्षात आलं: आपण 'मासा'चं 'माशाला' करतो, 'ससा'चं 'सशाला'. अक्षर वेगळं, पण खोड तीच. 'सावत्र आईबरोबर'साठी चेकमध्ये मात्सेखोउ आणि पोलिशमध्ये मात्सोखों. त्या शेवटच्या ओंमधला अनुनासिक कोकणात ऐकलेला वाटावा इतका आपला आहे.

हाक मारण्याचं रूप दोन्हीकडे ओकारान्त: मात्सेखो, मात्सोखो. व्याकरणात ते आहे. वापरू नका.

शब्दाच्या पोटात काय आहे

मराठीत 'सावत्र'च्या मुळाशी सवत आहे. म्हणजे आपण हे नातं दोन बायकांच्या बाजूने मोजतो, मूल त्यात कुठे नाहीच. स्लाव्ह भाषांनी आईवरून शब्द बनवला. मूळ 'माती', म्हणजे आई, आणि त्याला एक शेपूट. रशियनमध्ये माचेखा, युक्रेनियनमध्ये माचुखा, स्लोव्हाकमध्ये मात्सोखा, बल्गेरियनमध्ये माश्तेखा. मधलं व्यंजन प्रत्येक भाषेने आपापल्या नियमाने बदललं, म्हणून चेक-पोलिशमध्ये त्स आणि रशियनमध्ये च. मेणबत्तीच्या शब्दातही हेच झालंय: चेक स्वीत्से, पोलिश श्व्येत्सा, रशियन स्वेचा. नुसता कान लावला तरी नातं ऐकू येतं.

मला हा शब्द ऐकायला आवडतो, हे कबूल करते. आईच्या शब्दाला जराशी मुरड घातलेली. दुर्दैवानं त्याच्यावर बसलेला वास त्याच्या मुळातून आलेला नाही, गोष्टींतून आलाय.

हा शब्द राहतो कुठे

सगळ्यात आधी गोष्टींत. भर बर्फात सावत्र मुलीला जंगलात पाठवून जांभळी फुलं आणायला सांगणारी, मग स्ट्रॉबेऱ्या, मग सफरचंदं, ती मात्सेखा. चेक मूल हा शब्द पहिल्यांदा तिथे ऐकतं आणि पुढे तो तसाच ठेवून देतं. त्यामुळे पालकसभेत मी स्वतःची ओळख करून दिली तेव्हा बाईंच्या डोळ्यांसमोर बर्फ पडायला लागला असणार.

दुसरं, वाक्प्रचार. पोलिशमध्ये एखाद्या कामाकडे, विषयाकडे दुर्लक्ष केलं तर ते 'पो मात्सोशेमु' केलं म्हणतात: सावत्र आईसारखं. हा प्रयोग वर्तमानपत्रात, सभांत सर्रास चालतो. त्यात कुणाची सावत्र आई नसते, फक्त अंदाजपत्रकातून वगळलेलं ग्रंथालय असतं. चेकमध्ये तेच 'मात्सेशस्की'. निसर्ग एखाद्या मुलखाशी मात्सेशस्की वागला, म्हणजे माती नापीक दिली, पाणी दिलं नाही. आपल्याकडे 'सापत्नभाव' याच जागी बसतो, त्यामुळे भाषांतर करणाऱ्याला एवढं एक सुख आहे.

तिसरी जागा ब्रनोच्या उत्तरेला, ब्लान्स्को गावाजवळ. मोराव्हियाच्या, म्हणजे चेक देशाच्या पूर्व भागाच्या, चुनखडीच्या डोंगराळ प्रदेशात छत कोसळलेली एक प्रचंड विवर-दरी आहे, सुमारे 138 मीटर खोल. तळाला पुन्कवा नदी वाहते. तिचं नाव मात्सोखा. नीट ऐका: देश चेक आहे, पण नाव मात्सेखा नाही, मात्सोखा. पोलिशांनी ठेवलेलं नाही; मोराव्हियातल्या बोलीत हा शब्द असाच आहे, पोलिश आणि स्लोव्हाकसारखा ओ घेऊन. भाषांची सीमा नकाशातल्या रेषेवर बदलत नाही हे मला कुणी पुस्तकातून समजावलं असतं तर पटलं नसतं. त्या कठड्याशी उभं राहून पाटी वाचली तेव्हा पटलं.

दंतकथा अशी की विलेमोवित्से गावातल्या एका विधुराच्या दुसऱ्या बायकोने सावत्र मुलाला रानमेवा गोळा करायला म्हणून नेलं आणि दरीत ढकललं. पोरगा फांदीत अडकला, लाकूडतोड्यांनी त्याचं रडणं ऐकून त्याला वर काढलं आणि गावकऱ्यांनी त्या बाईलाच खाली लोटलं. 1723 मध्ये लाझार शोपर नावाचा ब्रनोचा एक साधू दोरावरून तळापर्यंत उतरून परत आला, त्याची नोंद आहे. बाईची नाही. आम्ही तिघं तिथे गेलो तेव्हा लेक अकराची होती. वरच्या सज्जावरून खाली बघत तिने मला विचारलं, "तू पुढे उभी राहतेस की मी?" मी हसले, नवरा पांढराफटक. जाणार असाल तर तळाशी असलेल्या पुन्कवा गुहेतली नावेची फेरी आधी राखून ठेवा, उन्हाळ्यात ऐनवेळी तिकीट मिळत नाही. वरच्या सज्जाकडे केबलगाडी जाते.

चौथी जागा ब्रनोच्या ऑपेराची. लेओश यानाचेकचा तो गाजलेला ऑपेरा बाहेरच्या जगात नायिकेच्या नावाने, येनूफा म्हणून ओळखतात. 1904 च्या जानेवारीत तो ब्रनोत पहिल्यांदा झाला तेव्हा नाव होतं 'येयी पास्तोर्किन्या'. तिची सावत्र मुलगी. गाब्रिएला प्राय्सोवाच्या 1890 च्या नाटकाचंही नाव तेच. पास्तोर्किन्या म्हणजे सावत्र मुलगी, हा शब्द आज जुना झालाय. पण नावातली 'येयी' बघा, 'तिची'. सावत्र आई तिथे एका सर्वनामात बसली आहे, आणि सगळं नाटक तिचंच आहे. पोरीच्या अब्रूपायी ती जे करते ते भयंकर आहे, पण गोष्टीतल्या मात्सेखेसारखं ते द्वेषातून आलेलं नाही. 'येयी मात्सेखा' म्हणून मी घोकलेलं वाक्य मला ते नाव वाचताना आठवलं. सर्वनाम तेच, नातं उलटं.

मग म्हणायचं काय

ओळख करून देताना चेकमध्ये सगळ्यात सोपं आणि सगळ्यात सुरक्षित म्हणजे 'तातोवा झेना', बाबांची बायको. मुलंही तेच म्हणतात. फॉर्मवर 'मान्झेल्का ओत्त्से', वडिलांची पत्नी. तेच, फक्त इस्त्री केलेलं. 'नेव्लास्त्नी मात्का' हासुद्धा योग्य शब्द आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'स्वतःची नसलेली आई', आणि तो कागदोपत्री चालतो, पण जेवणाच्या टेबलावर कुणी म्हटला तर गार वाटतो. पोलिशमध्ये 'झोना ताती' किंवा 'झोना ओयत्सा'. माझ्या कानाला पोलिश मात्सोखा चेक मात्सेखेपेक्षा थोडी कमी बोचते. सासरकडच्या बायका दुसऱ्या कुणाबद्दल ती सहज वापरतात. पण तिसऱ्या माणसाबद्दल हं, समोरच्याला नाही.

कायद्यातही ही चाल दिसते. चेक नागरी संहिता 2014 पासून लागू आहे. तिच्या कलम 885 मध्ये असं आहे की मुलाची काळजी एकच पालक घेत असेल आणि त्याचा पती, पत्नी किंवा जोडीदार त्याच घरात राहत असेल, तर संगोपनात तोही सहभागी असतो. मात्सेखा नाही, 'पालकाचा जोडीदार'. पोलिश कुटुंब संहिता 1964 ची. कलम 144 पोटगीचं आहे आणि त्यात 'वडिलांची पत्नी, जी मुलाची आई नाही' असं लांबलचक लिहिलंय. उलट 1983 च्या वारसा आणि बक्षीस करकायद्यात मात्सोखा सरळ नावानिशी हजर आहे, सावत्र बापाच्या आणि सावत्र मुलाच्या पंगतीत, जवळच्या नातलगांच्या यादीत. पैशाचा प्रश्न आला की कायदा आडपडदा ठेवत नाही. त्यामुळे पोलिश करफॉर्मवर हा शब्द दिसला तर दचकू नका, तिथे तो तुमच्या बाजूचा आहे.

मुलाने हाक काय मारायची? चेकमध्ये बहुधा नुसतं नाव. लहान मूल असेल तर 'तेतो', म्हणजे मावशी-आत्या-काकू सगळं एकात. पोलिशमध्ये 'च्योच्यू', तेही मावशीच. इथे च मात्र चिमणीचा. आपल्याला आईच्या वयाच्या बाईला नावाने हाक मारणं उद्धट वाटतं. मलाही वाटलं होतं. पहिल्या आठवड्यात मी नवऱ्याला म्हटलं, तिला निदान 'मावशी' म्हणायला शिकव. तो म्हणाला, तिच्यावर सोड. बरं झालं सोडलं. चेकमध्ये आकारान्त नाव हाक मारताना ओकारान्त होतं: याना असेल तर यानो, सुनीता असेल तर सुनितो. माझंही नाव आकारान्त आहे. ते पहिल्यांदा ओ लावून जिन्यातून ऐकू आलं तेव्हा मला कुणीतरी दुसरंच वाटलं. पण तो ओ प्रेमाचाही नाही आणि रागाचाही नाही, व्याकरणाचा आहे. तो विसरलात तर चेक कानाला खटकतं. पोलिश लोक बोलताना नाव तसंच ठेवतात पुष्कळदा.

'मामी' किंवा 'मामो', म्हणजे आई, हे मागून मिळत नाही. त्याबद्दल माझ्याकडे कृती नाही.

बाकीची नाती, पटकन

सावत्र बाप: चेक ओत्चीम, पोलिश ओयचिम. त्याला गोष्टींनी छळलेलं नाही, बिनधास्त वापरा. सावत्र मुलगा आणि मुलगी: पोलिशमध्ये पाशेर्ब (बोलताना पाशेर्प) आणि पाशेर्बित्सा, दोन्ही रोजच्या वापरातले. चेकमध्ये पास्तोरेक जुनाट, त्याऐवजी नेव्लास्त्नी सिन, नेव्लास्त्नी द्त्सेरा. 

दोन खड्डे आहेत. चेक 'नेव्लास्त्नी' उचलून पोलिशमध्ये टाकू नका. तिथे सावत्र भावंडांना 'प्शिरोद्नी' लावतात आणि आईला ते लागत नाही. आणि पोलिश 'प्शिब्राना मात्का' कोशात जवळ दिसली म्हणून घेऊ नका. ती दत्तक किंवा सांभाळ करणारी आई, सावत्र नव्हे. मी एका पत्रात ती लिहिली आणि नणंदेला वाटलं मी पोरीला कायदेशीर दत्तक घेतलं. तिने केक पाठवला.

आणि फुलं

पॅन्सीच्या फुलाला चेकमध्ये मात्सेश्का म्हणतात, छोटी सावत्र आई. जर्मन नावाचा अर्थही तोच. जर्मनांकडे त्याची कथा अशी: खालची सगळ्यात मोठी, भडक पाकळी सावत्र आई, बाजूच्या दोन तिच्या सख्ख्या मुली, वरच्या दोन साध्या रंगाच्या सावत्र मुली. फूल उलटं केलं की मागे पाच हिरवी दलं दिसतात, त्या खुर्च्या. आई दोन खुर्च्या अडवून बसते, सख्ख्यांना एकेक, सावत्र दोघींत मिळून एक. पुलापलीकडे पोलिशमध्ये हेच फूल ब्रातेक, छोटा भाऊ. सासूबाईंना दारातल्या कुंडीत मात्सेश्की दिसत नाहीत, ब्रात्की दिसतात.

विकत घेताना: पाचापासून पुढच्या संख्येला चेकमध्ये षष्ठीचं अनेकवचन लागतं, म्हणून दहा पॅन्सी म्हणजे 'देसेत मात्सेशेक'. 'देसेत मात्सेश्की' म्हटलंत तरी मिळतील, पण विकणारी बाई दुरुस्त करून देईल. 

ही फुलं थंडी सोसतात, त्यामुळे वसंतात इथल्या कबरींवर तीच लावतात. दर एप्रिलमध्ये आम्ही दोघी लेकीच्या आईच्या कबरीवर जातो. पहिल्या वर्षी मी मुद्दाम दुसरी फुलं घेतली होती, नावाची लाज वाटून. लेकीने बघितलं आणि म्हणाली की आईला मात्सेश्की आवडायच्या, जा बदलून आण. आता ती सतराची आहे. या वर्षी तिने खुरप्यानं दहा खड्डे केले, मी रोपं एकेक करून हातात देत होते, आणि शेवटचं लावून झाल्यावर मागे न बघता तिने मला, आठ वर्षांत पहिल्यांदाच, ते न वापरायचं रूप वापरलं: "मात्सेखो, पाणी आण."

झारी नळाशी होती. घेऊन आले.